भरली पिकअप, रिकामी पिकअप

बीदरहून औरादकडे निघालं, मांजरा ओलांडली, की पुढे वाटेत संतपूर लागतं. हे औराद बाऱ्हाळीचं. निलंग्याकडचं औराद शहाजानी वेगळं. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरून आलेला मात्र नकाशात हमखास चुकतो. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर बसलंय. तिथून खाली उतरलं की तांबडी माती मागे पडते आणि काळं रान सुरू होतं. या रानातून पिकअप हाकणाऱ्याचं दुखणं रोजचंच असतं. सकाळी सोयाबीन नाहीतर तूर भरून उदगीर किंवा बीदर गाठायचं आणि दुपारी रिकाम्या हौद्यानं परतायचं. जाताना गाडी मागून बसते, डुलते. येताना तीच गाडी खडखड उडते, आणि मागे एखादा गडी बसला असेल तर त्याच्या कमरेचा हिशोब वेगळाच.

गॅरेजात गेलं की मिस्त्रीचा सल्ला ठरलेला: "मालक, मागं एक-एक पाटा वाढवू, मग बघा." बाजारात शोधलं की दुसऱ्या टोकाचा सल्ला मिळतो: गाडी दोन इंच उचला, खटक्यांचे, म्हणजे बाहेरून फिरवून कमी-जास्त करता येणारे शॉकअप लावा, पुढे चुडीचे कॉइलओव्हर (कॉइल आणि शॉकअप एकत्र) घाला. दोन्ही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य आहे. पण गाडीवर बदलतं काय, हे आधी मोजल्याशिवाय दोन्हीकडे पैसा वायाच जातो.

आधी कामांची वाटणी बघू. स्प्रिंग वजन पेलतं, मग ते पाट्याचं असो, कॉइलचं असो की टॉर्शन बारचं. शॉकअप वजन पेलत नाही. दबलेलं स्प्रिंग सुटताना जी उसळी मारतं ती तो तेलातून जिरवतो. आतला दट्ट्या तेलातून सरकतो, बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणूनच खराब रस्त्यावर दहाएक किलोमीटर चालल्यावर चारही शॉकअपना हाताची मागची बाजू लावून बघावी. तीन कोमट आणि एक गार निघाला, तर तो गार शॉकअप कामच करत नाही. बाहेरून तेल गळत नसलं तरी. ही तपासणी फुकटची आहे, आणि "सस्पेन्शन बदलायचंय" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं काम इथंच संपेल. गॅब्रिएलसारखी कंपनी आपल्याकडे १९६१ पासून शॉकअप बनवते आहे. मूळ मापाचा चांगला शॉकअप मिळणं ही आता अडचण राहिलेली नाही.

आता वजन. समजा, मागच्या एका चाकाच्या पाट्याला एक सेंटिमीटर दाबायला ८० किलो लागतात. रिकाम्या गाडीत त्या पाट्यावर २५० किलो येतात, म्हणजे पाटा सुमारे ३ सेंटिमीटर दबतो. नऊ-दहा क्विंटल माल भरला की त्याच पाट्यावर ७०० किलो येतात आणि तो पावणेनऊ सेंटिमीटर दबतो. गाडी मनात आलं तसं डुलत नाही, तिचा एक ठरलेला ठेका असतो. तो काढायचं ढोबळ गणित सोपं आहे: पाटा वजनानं जितके सेंटिमीटर दबला त्याचं वर्गमूळ काढा आणि पाचाला त्यानं भागा. उत्तर येतं ते सेकंदाला किती हेलकावे याचं. आपल्या उदाहरणात रिकामी गाडी सेकंदाला जवळपास २.८ हेलकावे घेते, भरलेली १.७. बसणाऱ्याला बरं वाटतं ते साधारण एक ते दीडच्या आसपास. म्हणजे माल भरला की गाडी मऊ होते हा ड्रायव्हर लोकांचा अनुभव भ्रम नाही. पाटा बदलला नाही, ठेका बदलला. पाट्या-पाट्यांतल्या घर्षणानं हे आकडे थोडे सरकतात, पण दिशा हीच.

हा ठेका आपल्या रस्त्यांशी नेमका कसा भिडतो, हा या भागातला खरा मुद्दा. काळ्या मातीतली चिकण जात पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर डांबर घातलं की दोन-चार पावसाळ्यांत रस्त्याला लांब लांब लाटा येतात. खड्डा दिसत नाही, पण गाडी होडीसारखी वरखाली होते. अशा लाटा दहा मीटरला एक आहेत असं धरा आणि गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालवा. सेकंदाला १६.७ मीटर कापले, म्हणजे सेकंदाला १.६७ लाटा. भरलेल्या गाडीचा ठेका? १.७. रस्त्यानं बरोबर तालावर झोके द्यायला सुरुवात केली. म्हणून भरलेली पिकअप एका विशिष्ट वेगाला भलतीच हेलकावते. वेग ४५ वर आणला की शांत होते, आणि ड्रायव्हर म्हणतो, "गाडीला साठ सोसत नाही."

मुरमाच्या रस्त्याचं उलट. तिथे वाहनांनीच पाडलेल्या आडव्या बारीक वळ्या असतात, सत्तरेक सेंटिमीटरला एक. ताशी ३० ला तिथे सेकंदाला बारा धक्के बसतात. एवढ्या झपाट्यात हौदा हलायला वेळच मिळत नाही, फक्त चाक आणि ॲक्सल थरथरत राहतात. चाक जमिनीवर टेकलेलं कमी आणि हवेत जास्त. वळणावर गाडी मागून सरकते ती यामुळे. एकाच शॉकअपला संथ लांब लाटही आवरायची आहे आणि झपाट्याची थरथरही. महाग शॉकअप मागितला जातो तो या कारणासाठी. निदान मागितला जावा तो या कारणासाठी.

आणखी एक हिशोब आहे, आणि खटक्यांच्या शॉकअपचं सारं समर्थन त्यात आहे. वजन २.८ पट झालं म्हणून शॉकअपचा आवर २.८ पट लागत नाही. तो वजनाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढवावा लागतो, म्हणजे साधारण १.७ पट. कंपनी एकच शॉकअप देते, तो कुठेतरी मध्ये बसवलेला असतो. त्यामुळे रिकाम्या गाडीला तो थोडा ताठर आणि भरलेलीला ढिला वाटणार. रोज एकदा भरून आणि एकदा रिकामी धावणाऱ्या गाडीला बाहेरून फिरवता येणारा शॉकअप म्हणून उपयोगाचा. कायम भरूनच धावणाऱ्या गाडीला मात्र त्याची गरज नाही. तिला एकदाच नीट मापाचा शॉकअप लावला की झालं.

आता गाडी कोणती, त्यावर निवड ठरते. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा ही माणसं आणि माल ओढणारी कामकरी जात. २०२२ मध्ये आलेल्या योद्धा २.० ची तर दोन टन वाहायची क्षमता सांगितली गेली. यांच्या मागच्या बाजूला ठोस ॲक्सल आणि पाटे. इथे महागडा संच शोधण्यात अर्थ नाही. पाटेवाल्याकडेच जावं, पण डोळे उघडे ठेवून. दुसरी जात इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (भारतात २०१६) आणि टोयोटा हायलक्स (२०२२) यांची. पुढे दुहेरी विशबोन आणि कॉइल, मागे तरीही पाटेच. जे बाहेरचे संच मिळतात ते मुख्यतः या दुसऱ्या जातीसाठी असतात. रँचोचा आरएस-९०००एक्सएल, टफ डॉगचा समायोज्य शॉकअप यांना नऊ टप्प्यांची फिरकी असते. ओल्ड मॅन ईमूच्या बीपी-५१ मध्ये दाब आणि उसळी दोन्ही वेगवेगळे फिरवता येतात. फॉक्सच्या वरच्या श्रेणीत दाबाचेही दोन भाग असतात, संथ आणि झपाट्याचा.

इथे एक गफलत नेहमी होते. संथ आणि झपाट्याचा म्हणजे गाडीचा वेग नव्हे, दट्ट्याचा वेग. ताशी ८० नं गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक मारला आणि नाक खाली गेलं, तर दट्ट्या संथच सरकतो. ताशी १५ नं धारदार दगडावर चाक आपटलं, तर तो झपाट्यानं सरकतो. लाटांच्या डांबरी रस्त्यावर हेलकावा असेल तर संथ दाबाची फिरकी बघायची. मुरमावर किंवा खड्ड्याच्या काठावर कडक दणका बसत असेल तर झपाट्याची सैल करायची. एकच फिरकी असलेल्या शॉकअपमध्ये हा भेद करता येत नाही. तिथे तडजोड काढावी लागते, आणि माझ्या मते कामाच्या गाडीला ती पुरते.

दुसरी गफलत पुढच्या कॉइलओव्हरची. चुडीवरची कडी आवळली की स्प्रिंग कडक होतं, असा समज सगळीकडे आहे. तसं होत नाही. त्या कडीनं गाडी उचलली जाते, स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो. किलोला जितकं दबत होतं तितकंच दबतं. जुन्या टॉर्शन बारच्या गाड्यांतला बोल्ट आवळण्याचंही तेच. गाडी वर जाते, पण चाकाला खाली जायला उरलेली जागा तेवढी कमी होते, आणि खड्ड्यात चाक लटकलं की उसळीच्या टोकाचा थांबा खाडकन वाजतो. कडकपणा बदलायचा असेल तर स्प्रिंगच बदलावं लागतं.

मागच्या पाट्यांकडे येऊ. एक पाटा वाढवला की पेलण्याची ताकद वाढते हे खरं. पण तो पाटा रिकाम्या गाडीतही तिथेच असतो आणि परतीच्या वाटेवर दणके देतो. हेल्पर पाटा वेगळा. मूळ पाटे ठरावीक दबल्यावरच तो कामाला लागतो, म्हणजे रिकाम्या गाडीला त्रास नाही. माल रोज कमी-जास्त होत असेल तर आपल्याकडे हाच उपाय पहिल्यांदा विचारात घ्यावा. दुसरा उपाय हवेच्या पिशव्यांचा. फायरस्टोनच्या राइड-राइट पिशव्या त्यातल्या माहितीतल्या. रिकाम्या गाडीला थोडीशी हवा, माल भरला की पंपानं वाढवायची. ही खरीच समायोज्य व्यवस्था आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पिशवीनं हौदा सरळ दिसतो म्हणून गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, टायर तेच आहेत. शिवाय पाटा आपलं वजन चासीला दोन टोकांना देतो, पिशवी तेच एका बिंदूवर ढकलते. माल हौद्याच्या शेवटच्या टोकाला, पिशव्या कडक फुगवलेल्या आणि रस्ता खराब, असा योग जमला तर केबिनच्या मागे चासी वाकते. ऑस्ट्रेलियात मोठी ओझी ओढणाऱ्या पिकअपांच्या अशा वाकलेल्या चासी पुष्कळ निघाल्या.

प्रत्यक्ष जुळवणीला टेप, खडू आणि वही लागते. सपाट जागा हवी, पेट्रोल पंपाचं काँक्रीट चालतं. टायरमधली हवा आधी बघा. गाडीच्या दारावर कंपनीनं लावलेल्या पट्टीवर रिकाम्याचं आणि भरलेल्याचं वेगळं प्रेशर दिलेलं असतं. टायर हे सस्पेन्शनचं पहिलं स्प्रिंग आहे आणि सगळ्यात स्वस्त. भरलेल्या गाडीचं प्रेशर ठेवून रिकामी गाडी मुरमावर पळवायची आणि मग महाग शॉकअपला दोष द्यायचा, हा प्रकार फार चालतो. त्यानंतर गाडी मागेपुढे ढकलून, चारही कोपरे दाबून सोडा, म्हणजे पाट्यांत अडकलेला ताण सुटेल. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर चारही बाजूंनी वहीत लिहा. मागे ॲक्सल आणि वरच्या रबरी ठोकळ्यातलं अंतरही. मग गाडी नेहमीच्या मालासह वजनकाट्यावर न्या. आधी पुढचं ॲक्सल काट्यावर, मग मागचं. एकूण वजन सगळेच करतात, ॲक्सलवार कोणी करत नाही, आणि उपयोगाचा आकडा तोच. भरल्यावर तीच मापं पुन्हा घ्या. ॲक्सल ठोकळ्याला जवळजवळ टेकलं असेल, तर शॉकअपच्या फिरकीनं काही साधणार नाही. तिथे पेलायची ताकदच कमी पडते आहे. पाटे बघा, नाहीतर माल कमी करा.

रस्त्यावर किती दबलं हे कळायला एक साधी युक्ती आहे. निघण्याआधी ठोकळ्याच्या रबरावर ओल्या शाडूचा अक्रोडाएवढा गोळा चिकटवा. परतल्यावर तो जितका चपटा झाला तितकी जागा वापरली गेली. पूर्ण चेपला आणि त्यावर ॲक्सलचा ठसा उमटला असेल, तर निदान एकदा तरी गाडी तळाला आपटली आहे. जसाच्या तसा राहिला तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

फिरक्या लावताना एकच रस्ता, एकच वेग, एकच माल. दोन-तीन किलोमीटरचा असा तुकडा निवडा ज्यात लाटांचं डांबरही आहे, मुरूमही आहे आणि एखादा गतिरोधकही. सगळ्या फिरक्या मधल्या टप्प्यावर ठेवून सुरुवात करा आणि एका वेळी एकच फिरकी दोन टप्पे हलवा. आधी उसळी. गतिरोधक ओलांडल्यावर मागचा भाग एकदा वर येऊन बसला पाहिजे. दोन-तीनदा झुलला तर उसळीचा आवर वाढवा. पण मुरमाच्या वळ्यांवर चालताना मागचा भाग हळूहळू खाली खाली बसत गेला आणि दणके वाढत गेले, तर तो आवर जास्त झालाय. एका धक्क्यातून चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा बसतो आणि पाट्याला उघडायला सवडच मिळत नाही. ही खूण ओळखता आली की अर्धी जुळवणी हातात आली. लोक अशा वेळी "मऊ आहे" म्हणून आणखी आवळतात आणि दुखणं वाढवून घेतात. उसळी बसली की मग दाबाकडे वळा. भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही अवस्थांचे टप्पे वहीत लिहून ठेवा, म्हणजे उदगीरहून परतताना फिरकी कुठे आणायची ते शोधत बसावं लागणार नाही.

उंचीचा विचार सगळ्यात शेवटी. बांधावरून जायचं आहे, ओढ्यातून जायचं आहे, तर चाळीस-पन्नास मिलिमीटर ठीक. त्यापुढे स्वतंत्र सस्पेन्शनच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकांच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके चालू लागतात आणि लवकर जातात. गाडी उचलली की अलाइनमेंट करावीच लागते, हेडलाइटही खाली वळवावे लागतात. पण खरी धोक्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. अनेक पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक सळई असलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. हौदा खाली बसला की तो समजतो माल आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो. आपण पाटे चढवून किंवा पिशव्या फुगवून हौदा वर ठेवला, की माल भरलेला असूनही व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणून मागची उंची बदलली की त्या सळईची जुळवणी कंपनीच्या मापानं करून घ्या. आणि काळ्या रानाबद्दल एवढंच: भिजलेल्या काळीत माती चाकाला लपेटून मडगार्डपर्यंत भरते. तिथे कोणतंही सस्पेन्शन उपयोगाचं नाही, थांबणंच बरं. वाळल्यावर तीच माती पाट्यांच्या फटींत घट्ट बसते आणि पाटे एकमेकांवर सरकायचे थांबतात. खरीप उरकला की पाणी मारून पाटे धुवा, गंज आणि तुटका पाटा तेव्हाच दिसतो.

कागदांचं राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. मूळ मापाच्या जागी मूळ मापाचा शॉकअप लावणं ही दुरुस्ती. गाडी उचलणं, पाटे वाढवून जादा माल नेणं यात केए-३८ ची पाटी असो वा एमएच-२४ ची, आरटीओत आणि विमा कंपनीत दोन्हीकडे प्रश्न विचारला जाऊ शकतो. काम करण्याआधीच विचारून घ्यावं. आणि पाटे खोलले असतील तर यू-बोल्ट नवे घालावेत, पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले तर पाटे एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागचं सरकतं. मग अख्खी गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते.